कचरूचा पाव फेरा

ते भांडण मी चोरून ऐकलं नाही. मी माझ्या अंगणात गोवऱ्या थापत होते, मधे भिंत होती आणि भिंतीला हातभर भगदाड होतं. भगदाड बुजवायचं काम ज्याचं होतं त्याला जाऊन विचारा.

पलीकडं माझी चुलत सासू द्वारकाबाई उंबऱ्यात बसलेली आणि समोर देवानंद उभा. चाळीसेक वर्षं झाली असतील. देवानंद तेव्हा अंबडला एका डॉक्टरकडं कंपाउंडर होता. सहा दिवस तिथं पुड्या बांधायचा आणि सातव्या दिवशी तिथल्याच गोळ्या पिशवीत घालून गावात यायचा, आणि संध्याकाळपर्यंत स्वतः डॉक्टर असायचा. त्या रविवारी द्वारकाबाईच्या कचरूचं डोकं दुखत होतं. देवानंदनं त्याला एक पांढरी गोळी दिली. अर्धी भाकरी खाऊन होत नाही तोच कचरूचे ओठ वांग्यासारखे फुगले, डोळे मिटले, अंगभर गांध्या उठल्या आणि छातीतून शिट्टी वाजायला लागली. बैलगाडीतून वडीगोद्रीच्या सडकेला नेला, तिथून ट्रकात घालून अंबडला. तिथं देवानंदच्याच मालकानं, खऱ्या डॉक्टरनं, सुई टोचली म्हणून वाचला.

तिसऱ्या दिवशी देवानंद दारात दिसला तेव्हा मला वाटलं, कचरूची तब्येत विचारायला आला. मी तरी किती भोळी.

"काकू, डाक्टरला सांगा, गोळी किराणा दुकानातून घेतल्ती म्हणून. न्हाईतर माझी नोकरी जाईल."

"माझं लेकरू चाल्लं व्हतं, त्याचं काय?"

"गोळी बराबर व्हती, काकू. ह्याच्या अंगातच गरमी हाये, त्याला मी काय करू? गावात शंभर जणांनी खाल्ली, कुणाला काय झालं?"

द्वारकाबाई उंबऱ्यातून उठली. मी हातातली गोवरी तशीच धरून उभी.

"दोन लेकरं मेल्यावर हा ऱ्हायला," ती म्हणाली. "उकिरड्यावर लोळवला, कचरू नाव ठिवलं, म्हणून यमानं बी ह्याला हात लावला न्हाई. तू लावलास. तुझ्या हातचं औषध परत ह्या घरात आलं तर माझं मढं बघशील."

मग ती आत गेली. दार उघडंच होतं, भगदाडातून मला खोलीतलं दिसत होतं. कचरू वाकळ पांघरून पडला होता, तोंड अजून सुजलेलंच. त्याचा हात तिनं स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि ती गोळी जन्मात तोंडात घालणार नाही, अशी शपथ घातली. तो काहीतरी बडबडला. ओठ धड नव्हते, शब्द कुठून धड येणार.

देवानंदला एक गोष्ट ठाऊक नव्हती. द्वारकाबाईनं त्याच रविवारी अंबडच्या डॉक्टरला सगळं नावानिशी सांगून टाकलं होतं. नोकरी गेली. नोकरी गेली म्हणून देवानंदनं गावातच पाटी लावली आणि तो आठवड्याचे सातही दिवस डॉक्टर झाला. आमच्या गावात माणूस असाच वर चढतो.

आता कचरूचं सांगते. कचरू माझा चुलत दीर. त्याला हुशार म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही, आणि कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. शाळेत तो खिडकीत बसायचा तो वारा येतो म्हणून. लग्नात त्यानं मुंडावळ्या उलट्या बांधून घेतल्या आणि दिवसभर डोळ्यावर आल्या तरी बोलला नाही. उषाबाईनं तिथंच ओळखलं की घर आपल्यालाच चालवायचं आहे. पण देवानं एकेका माणसाला एकेक गोष्ट देऊन ठेवलेली असते. कचरूला पाण्याचा वॉल दिला.

ग्रामपंचायतीनं टाकी बांधली तेव्हा पाणी सोडायला कुणी तयार होईना. गावात पाणी येणार आठ दिवसांतून एकदा, तेही दोन तास. शेवटच्या गल्लीला आलं नाही की शिव्या पाणी सोडणाऱ्याला, पहिल्या गल्लीला जास्त आलं तरी त्यालाच. कचरूला कुणी विचारलं आणि त्यानं मान हलवली. तेव्हापासून त्याच्या खांद्यावर वॉल फिरवायची लांब लोखंडी चावी आणि त्याच्या मागं गावाच्या शिव्या. माझ्याही होत्या त्यात, मी लपवत नाही. माझं घर शेवटच्या गल्लीत आहे.

पण त्याची पाणी सोडायची रीत बघण्यासारखी होती. लाइन आठ दिवस कोरडी पडलेली असते, पाइपात हवा भरलेली असते. वॉल एकदम उघडला की पाणी त्या हवेला धडक देतं आणि कुठंतरी जोड फुटतो. म्हणून कचरू चावी घालून पाव फेरा द्यायचा. मग खाली बसून पाइपाला कान लावायचा. आतली हवा फुसफुसत पुढं सरकली की अजून पाव फेरा. परत कान. कुठं खडखड ऐकू आली की तिथंच थांबायचा, वाटलं तर थोडा मागंसुद्धा फिरवायचा. पूर्ण वॉल उघडायला अर्धा तास. तोवर नळापाशी घागरी घेऊन बसलेल्या बाया त्याच्या सात पिढ्या मोजायच्या. त्याच्या कानाला पाइप लागलेला असायचा, त्याला ऐकू जायचं नाही. किंवा जायचं.

देवानंद डॉक्टरचा पुढं सरपंच झाला. ज्यांना त्यानं सुया टोचल्या त्यांनीच मतं दिली, याच्यावर मी काय बोलू. त्यानं नवी पाइपलाइन आणली, आणि आणली म्हटल्यावर उद्घाटन आलं. मंडप, नारळ, हार, तालुक्याचे पाहुणे पांढऱ्या कपड्यांत. कचरूनं चावी त्याच्या हातात दिली आणि हळूच सांगितलं, सरपंच, पाव फेराच द्या. देवानंद म्हणाला, पाहुण्यांना पुढं कार्यक्रम आहे, तुझा पाव फेरा घरी दे. आणि भिंगरी फिरवावी तसा वॉल फिरवला.

जोड मंडपातच फुटला. काळ्या रानातला चिखल असा उडाला की पाहुण्यांतला कोण कोण आहे ते आवाजावरून ओळखावं लागलं. त्यानंतर दोन महिने गावानं हापशावर पाणी भरलं आणि शिव्या दिल्या त्या कचरूला. का, तर त्यानं सरपंचाला नीट सांगितलं नाही.

सहा वर्षांमागं, ऐन वैशाखात, कचरू टाकीवरून उतरला आणि खाली बसला. म्हणाला, छातीवर कुणीतरी पाय दिलाय. घाम असा की सदरा पिळून घ्यावा. देवानंद पळत आला, हे मी मान्य करते. आल्या आल्या त्यानं खिशातून एक गोळी काढली आणि चाव म्हणाला. उषाबाईनं त्याच्या हातावर असा फटका मारला की गोळी चिखलात गेली. तीच ती गोळी. अॅस्पिरिन म्हणतात तिला, हे मला नंतर कळलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की छातीत कळ आली की ही गोळी चावायला देतात, बहुतेकांचा जीव तिनं वाचतो. म्हणजे जन्मात एकदा देवानंदचं औषध बरोबर होतं, आणि नेमका माणूस चुकीचा.

गाडी आली. जालना, आणि तिथून पुढं संभाजीनगरचा मोठा दवाखाना. उषाबाईला एकटीला तिथलं झेपणार नाही म्हणून मला बरोबर घेतलं, जसं काही मला झेपतं. कचरूच्या काळजाची एक नळी बुजली होती. मांडीतून तार घालून त्यांनी तिच्यात जाळी बसवली. तो शुद्धीत होता, बोलत होता. आम्हाला वाटलं झालं, आता घरी.

दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरीणबाई, शबनम डॉक्टर, आल्या. वय माझ्या नातीएवढं, पण बसल्या त्या स्टूल ओढून, उभ्या उभ्या बोलल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की नवी जाळी रक्ताला परकी असते, तिच्यावर रक्त गोठून ती परत बुजू शकते. ते होऊ नये म्हणून दोन गोळ्या लागतात. एक सुरू केली आहे. दुसरी अॅस्पिरिन, रोज एक, लहानशी, जन्मभर.

उषाबाई म्हणाली, तीच गोळी ह्यांना चालत न्हाई, मी आल्या दिवशीच सांगितलंय.

"म्हणून तर बसलेय मी इथे, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं नसतं तर घात झाला असता."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. काही माणसांचं अंग एखाद्या औषधाला दुश्मन समजतं. औषध आलं की सगळं अंग लढाईला उठतं, आणि त्या लढाईत माणूसच मरतो. पण तेच औषध आधी कणभर दिलं, मग थोडं वाढवलं, मग अजून थोडं, तर अंग त्याला सोसायला लागतं. याला धोका आहे. मधेच गांध्या उठतील, दम लागेल, रक्तदाब खाली जाईल, एखाद्याचा जीवसुद्धा जाऊ शकतो. म्हणून हे घरी करायचं नाही, गावातल्या कुणाकडं करायचं नाही. इथं, शिरेत सुई घालून, उताऱ्याचं इंजेक्शन भरून ठेवून करायचं. फायदा हा की जाळी उघडी राहील. दुसऱ्या औषधावर भागवता येतं का तेही बघितलं, पण जाळी नवी आहे, दोन्ही असलेल्या बऱ्या.

शेजारच्या खाटेवरची बाई कान देऊन ऐकत होती. कुठल्याशा औषधानं तिच्या अंगाची साल निघाली होती, भाजल्यासारखी. तिनं विचारलं, मला बी असं थोडं थोडं देता का? डॉक्टर एकदम म्हणाल्या, नाही. ज्याची कातडी औषधानं सोलली त्याला ते औषध कणभरसुद्धा परत द्यायचं नाही, कधीच नाही. प्रत्येकाला हा इलाज नसतो.

कचरू सगळं ऐकून भिंतीकडं तोंड करून झोपला. म्हणाला, आईची शपथ हाये.

उषाबाईनं समजावलं, रागावली, रडली. आई जाऊन बारा वर्षं झाली, कुठली शपथ? कचरू म्हणाला, आई गेली म्हणून शपथ जात न्हाई, उलटी पक्की व्हती, आता सोडवणार कोण? डॉक्टरांना वाटलं हा धोक्याला भितोय. त्या परत धोका समजावायला लागल्या. मला त्यांची कीव आली. एवढं शिकून पोरीला हे कळेना की कचरू मरायला भीत नव्हता. वर जाऊन आईला तोंड काय दाखवू, याला भीत होता.

आणि देवानंद सोडला तर त्या भांडणाची साक्षीदार जगात मी एकटीच उरले होते.

"कचरूभाऊ," मी म्हणाले, "मी तवा भिंतीपलीकडं व्हते. तुझे कान सुजलेले, तुला काय ऐकू आलं? ती म्हणली, देवानंदच्या हातचं औषध खाऊ नको. हात त्याचा नको म्हणली."

तो वळला. "गोळी न्हाई म्हणली?"

"हात म्हणली."

"तुम्ही सोता ऐकलं, वहिनी?"

"हातात गोवरी घेऊन ऐकलं."

आता खरं सांगायचं तर द्वारकाबाईनं दोन्ही म्हटलं होतं. हात बाहेर म्हटला आणि गोळी आत. मी अर्धं सांगितलं. उरलेल्या अर्ध्याचा जाब ती वर भेटली की विचारीलच, तेव्हा मी बघून घेईन. तिला काय, तिला पोरगं जगवायचं होतं. मी तिच्यावतीनं जगवलं.

कचरूनं अंगावरची चादर बाजूला सारली. मग त्यानं डॉक्टरांना विचारलं, "पयल्यांदा किती देणार?"

"गोळीचा अगदी बारीक अंश. पाण्यात विरघळवून, थेंबभर."

"मंग थांबणार?"

"अर्धा तास. काही झालं नाही तर दुप्पट."

"अन् झालं तर?"

"तिथंच थांबायचं. औषध देऊन शांत करायचं. मग मागच्याच मापावर परत."

कचरू उठून बसला. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा तो हसला. "हे तर माझंच काम हाये," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालं. बिनसुईच्या पिचकारीतून नर्स त्याच्या तोंडात पाणी सोडायची आणि तो दर वेळी म्हणायचा, पाव फेरा. चौथ्या मापाला मानेवर दोन गांध्या उठल्या, ओठ जरा जड झाला. उषाबाई उठून व्हरांड्यात गेली. तिच्यानं बघवेना. त्यांनी सुई दिली, तासभर थांबले, आणि तेवढंच माप परत दिलं. गांध्या आल्या नाहीत. दुपार कलायच्या आत रोजची पूर्ण गोळी त्याच्या पोटात होती आणि तो शिरा मागत होता.

घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. दुखणं बरं झालेलं नाही, म्हणाल्या. अंग विसरलेलं नाही, नुसतं गप बसलंय, आणि रोजची गोळी त्याला गप बसवते. दोन-तीन दिवस खंड पडला की ते परत जागं होईल. खंड पडला तर आपल्या मनानं गोळी घ्यायची नाही, तडक इथं यायचं. आम्ही तिघांनी माना हलवल्या. माना हलवण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही.

गावात आलो तर देवानंदनं भलतंच पसरवलेलं. पहिली गोळी मीच दिली होती, तिनंच अंगाला सवय लागली, शहरातल्या डॉक्टरांनी नुसता शेवटचा हात फिरवला, असं तो पारावर सांगत होता. आणि लोक ऐकत होते. वर कचरूला विष पचवलेला माणूस म्हणायला लागले. विंचू चावलेली माणसंसुद्धा त्याचा हात लावून घ्यायला यायची. कचरू लावायचाही, मूर्ख. नाही म्हणणं त्याला कधी जमलं नाही.

गोळीचं पाकीट तो चावीच्या खुंटीलाच एका पिशवीत टांगायचा. सकाळी चहा, गोळी, चावी. पाच महिने बरोबर चाललं. मग घट बसले.

त्यांच्या घरी घटाला बसणारा माणूस नऊ दिवस पाणी आणि दुधावर राहतो, घरचं नसलेलं काही तोंडात घालत नाही. द्वारकाबाई बसायची, तिच्यामागं कचरू. त्यानं मनानंच ठरवलं की गोळी कारखान्याची, म्हणजे घरची नव्हे. कुणाला विचारलं नाही. विचारतो कशाला, विष पचवलेला माणूस तो. सहाव्या दिवशी उषाबाईनं खुंटीवरची पिशवी झटकायला काढली आणि पाकीट जिथल्या तिथं दिसलं. ती ओरडत माझ्याकडं आली, आणि आम्ही दोघी टाकीकडं निघालो. त्या दिवशी पाण्याची पाळी होती.

कचरूनं चावी घातली होती. शेजारी देवानंद खुर्ची टाकून बसलेला, कारण पहिली गल्ली त्याची. उषाबाईनं सगळ्यांसमोर नवऱ्याला झाडला. कचरूचं तोंड उतरलं. जाळीची गोष्ट त्याला एकदम आठवली असावी.

"त्यात काय एवढं," देवानंद म्हणाला. "आत्ता घे की. दोन घे, खंड भरून निघंल. एकदा पचल्यावर अंग इसरत न्हाई. संभाजीनगरला जायची काय जरूर?"

उषाबाईनं दम देण्यासाठी पाकीट बरोबरच आणलं होतं. कचरूनं ते तिच्या हातातून घेतलं, दोन गोळ्या काढल्या आणि तळहातावर ठेवल्या. एका बाईनं तिची पाण्याची बाटली पुढं केली. आमचं गाव असल्या कामाला फार तत्पर. उषाबाईनं त्याचं मनगट धरलं. मी काहीतरी म्हणाले असेन, पण बायांच्या गलक्यात कोण ऐकतो. दुसऱ्या हातानं त्यानं चावी धरलेलीच होती. सवयीनं त्यानं पाव फेरा दिला. पाइपात हवा फुसफुसली. सवयीनं तो वाकला, कान लावला, आणि तसाच राहिला.

"आरं, सोड की एकदम," देवानंद म्हणाला. "लोक खोळंबलेत."

कचरू कान न काढता म्हणाला, "सरपंच, लाइन आठ दिवस कोरडी ऱ्हायली तर मी काय करतो?"

"पाव फेरा देतोस. सगळ्या गावाला ठाऊक हाये."

"अन् एकदम सोडलं तर?"

देवानंदनं खुर्ची जरा मागं ओढली. बायांमधलं कुणीतरी फिसकन हसलं. चिखल सगळ्यांनाच आठवला.

"गेल्या पाळीला ह्याच लाइनीतून पाणी गेल्तं," कचरू म्हणाला. "आज ती परत कोरडी हाये. लोखंडाला आठ दिवस ध्यानात ऱ्हात न्हाई. मी काय पाइपापेक्षा पक्का हाये का?"

त्यानं दोन्ही गोळ्या चिंधीत बांधून खिशात ठेवल्या. पंचवीस वर्षं काम हेच, आणि ही गोष्ट स्वतःच्या अंगाला लावायला त्याला सहा दिवस आणि एक मूर्ख लागला. पण लावली. गावात दुसऱ्या कुणी लावली असती का, ते मला सांगा.

उषाबाई म्हणाली, आत्ताच्या आत्ता जीप धरा. तो म्हणाला, पाळी अर्धी टाकून? दोन तास त्यानं पाणी सोडलं, शेवटच्या गल्लीपर्यंत, पाव पाव फेरा देत. आम्ही दोघी तिथंच उभं राहून त्याला शिव्या देत होतो आणि त्याचा कान पाइपाला होता.

शबनम डॉक्टर आधी मराठीत रागावल्या, मग मराठी पुरेना म्हणून उर्दूत. जाळी बुजली नव्हती, हे नशीब. परत पिचकारी, परत थेंब. या वेळी अंग चांगलंच जागं झालेलं होतं. तिसऱ्याच मापाला छातीतून ती शिट्टी आली. पस्तीसेक वर्षांनी मी ती शिट्टी ऐकली आणि मला भगदाड आठवलं. ओठ फुगले, नर्स धावल्या, मांडीत इंजेक्शन, तोंडावर वाफेचा मास्क. उषाबाईनं माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. तासाभरानं श्वास खाली बसला. त्या दिवशी पुढं काहीच दिलं नाही. डॉक्टरांनी त्याला विचारलं, आता करायचं का? सोडून देऊ या म्हणालात तरी मी रागावणार नाही.

कचरूला बोलता येत नव्हतं. त्यानं अंगठा आणि बोट चिमटीत धरून हवेत फिरवलं, एवढंसं. पाव.

दुसऱ्या दिवशी आणखी बारीक मापानं सुरू केलं आणि दिवेलागणीला पूर्ण गोळी झाली. देवानंदचं ऐकून टाकीपाशी दोन गोळ्या एकदम गिळल्या असत्या तर तिथं ना इंजेक्शन होतं ना मास्क. बाटली पुढं करणारी बाई तेवढी होती.

पुढच्या नवरात्रात उषाबाईनं गोळी घटापुढं ठेवली, आरती झाल्यावर नवऱ्याच्या हातावर दिली, आणि देवीला काही म्हणायचं असेल तर तिनं माझ्याशी बोलावं, असं मोठ्यानं सांगितलं. देवी काही बोलली नाही. ती आमच्या गावातल्या लोकांपेक्षा समजूतदार आहे.

त्यानंतर एकही दिवस खंड पडला नाही. लग्नाला गेला तर गोळी टोपीत. विंचवावर हात लावून घ्यायला कुणी आलं तर उषाबाई झाडू घेऊन दारात.

गेल्या पौषात कचरू गेला. दुपारी बाजेवर आडवा झाला, उषाबाई चहाला उठवायला गेली तर उठला नाही. सरपंचकी गेलेली, पण तोंड शाबूत असलेला देवानंद मौतीला आला आणि म्हणाला, शेवटी त्या गोळीनंच नेला. मी म्हणाले, अर्ध्या भाकरीत मारणारी गोळी, तिला साडेपाच वर्षं लागली, फारच दमानं मारते बाबा. तो गप बसला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

त्या दिवशी सकाळी पाण्याची पाळी होती. उषाबाई सांगते की त्यानं चहा घेतला, गोळी घेतली आणि पाकिटात चारच उरल्यात, आणायला पाहिजेत, असं म्हणाला. मग चावी खांद्यावर टाकून माझ्या दारावरून गेला.

"वहिनी, भांडे लावा."

मी म्हणाले, लावते, पण तुझं पाणी माझ्या नळाला यायला माझी तिरडी उठायची. तो हं म्हणून पुढं गेला.

टाकीपाशी तो खाली बसला. पाव फेरा दिला, कान लावला. थांबला. अजून पाव. पहिल्या गल्लीतून ओरडा सुरू झाला, त्यानं डोकं वर केलं नाही. माझ्या नळाला आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग नितळ. मी दोन हंडे, एक घागर आणि कळशी भरली. शेवटच्या घराचं भरून झाल्यावर त्यानं वॉल तसाच पाव पाव करत बंद केला, चावी फडक्यानं पुसली आणि घरी नेऊन खुंटीला अडकवली.